रविवारच्या वर्गाचा खाऊ

ऑकलंडमधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये दर रविवारी मी मराठीचा वर्ग घ्यायचे. फुकट. कोपऱ्यातलं एक कपाटही माझ्याकडे होतं. भारतातून येताना साड्या कमी करून आणलेली गोष्टींची पुस्तकं त्यात होती. विदर्भातल्या शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं, ग्रंथालय सांभाळलं. इथे त्या अनुभवाला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. म्हणून आठवडाभर ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी भरायची आणि रविवारी पुन्हा बाई व्हायचं. तो एक दिवस माझा होता.

वर्गाची एक रीत होती. सुटल्यावर खाऊ, आणि दर रविवारी एका घराची पाळी. कुणी बटाटेवडे आणे, कुणी शिरा. सुरुवातीला माझीही पाळी यायची. मी केलेल्या सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीरवड्या, मुलं दोन्ही हातांत घेऊन पळायची.

मग एकदा अल्बनीहून येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?"

"आमच्याकडे नसतो. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "आम्ही असलं काही मानत नाही हं!"

मी कुठे काय विचारलं होतं? पण त्यानंतर माझी पाळी येईनाशी झाली. विचारलं की उत्तर तयार, "अहो, तुम्ही शिकवता तेच हीप्स आहे, खूप झालं. आणखी कशाला त्रास?" किती गोड! भांडायला जागाच नाही. माझ्या आईला शाळेत उंबऱ्याबाहेर बसवायचे, मास्तर तिची पाटी हातात न देता जमिनीवर ठेवायचे. तिला निदान कळत तरी होतं की हा अपमान आहे. मी मात्र घरी जाऊन नवऱ्याला विचारायचे, मलाच तसं वाटतंय का?

गोदामात माझ्या शेजारी एक सामोअन बाई होती. ती न विचारता माझ्या डब्यात हात घालायची आणि तिखट लागलं की मलाच शिव्या द्यायची. त्या शिव्यांनी मला बरं वाटायचं.

शेवटी एका रविवारी, पाळी नसताना, मी सांबारवड्या केल्या आणि डबा थेट टेबलावर ठेवला. शेजारी कुणाच्या तरी घरचे बटाटेवडे होते. वडे संपत आले, माझ्या डब्याकडे कुणी फिरकेना. डॉक्टरीणबाई लेकीला घेऊन पुस्तक बदलायला कपाटापाशी आल्या. मी पुस्तक दिलं आणि डबा पुढे केला.

"अय्या, आज नेमका माझा उपास आहे हो," त्या म्हणाल्या.

"नो यू आर नॉट, मम," त्यांची मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "यू जस्ट हॅड टू वडाज."

बाई लाल झाल्या. "चल, डॅडी गाडीत थांबलेत," म्हणत त्यांनी मुलीचा दंड धरला. मी दिलेलं पुस्तक तेवढं काखेत मारायला विसरल्या नाहीत. हॉस्पिटलात दिवसभर परक्यांच्या जखमा धुणारी ही बाई! माझ्या हातचं पुस्तक हिच्या मुलीच्या उशाशी चालतं, माझ्या हातची वडी चालत नाही. त्या संतापात मी बस चुकवली आणि भर पावसात स्टॉपवर बसून सगळा डबा एकटीने संपवला. पोट बिघडलं ते वेगळंच.

आठवडाभर डोक्यात तेच. वर्ग सोडावा म्हटलं, तर कपाट कुणाच्या स्वाधीन करू? आणि त्या मुलीचा काय दोष? ती तर नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती. सोडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी मी मोठं पातेलं भरून साबुदाण्याची खिचडी नेली. तूप, जिरं, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, सगळं उपासाला चालणारं. वर्ग सुटल्यावर पहिली बशी भरली आणि सगळ्यांसमोर डॉक्टरीणबाईंपुढे धरली.

"घ्या. तुमच्या उपासाची आठवण ठेवून केलीय."

त्यांनी बशीकडे पाहिलं, मग इतर आयांकडे. हात पदराआड नेल्यासारखे जॅकेटच्या खिशात घातले.

"अहो, पण आज कुठे माझा उपास आहे?" त्या हसून म्हणाल्या.

आणि बाकीच्या आयाही हसल्या, विषय मिटल्यासारख्या. बशी माझ्या हातातच राहिली. मुलगी आईच्या खिशातल्या हातांकडे बघत होती. तिनेही आपले हात हळूच खिशात घातले.