बिगर साखरेचा चहा

बाबांची साखर आटोक्यात आली म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांचं कौतुक केलं. ती कशी आली, हे मला सुट्टीत हसनाबादला गेल्यावर कळलं. बाबांनी लोकांकडे जाणंच सोडलं होतं.

आमच्या गावात कुणाच्याही घरी गेलं की चहा येतो, आणि पाहुण्याला मान जितका जास्त तितकी त्यात साखर जास्त. बाबा रोज संध्याकाळी दोन-तीन घरी बसायचे. वर्षानुवर्षांचे ते कप शेवटी रक्तात उतरले. पण 'मला साखर नको' असं चारचौघांत म्हणणं त्यांना जमेना. मग ते ओट्यावर एकटेच बसून राहायचे, वाटेवरून कोण जातंय ते बघत. मला ते बघवत नव्हतं आणि कळतही होतं. इंग्रजी शाळेत बोलता येईना, तेव्हापासून बोलावं लागेल अशा ठिकाणी जाणं मीही टाळत आले आहे.

त्या रविवारी मीच त्यांना त्यांच्या जुन्या मित्राकडे नेलं. काकू चहा टाकायला वळल्या. बाबा खाली बघत होते.

"काकू, बाबांना बिनसाखरेचा द्या." माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"फिक्का? लोकं काय म्हणतील माय, घरात साखर न्हाई?"

"शुगर आहे त्यांना."

काका बाबांकडे बघत राहिले. "म्हणून येणं बंद केल्तं व्हय? अन् मी समजून राह्यलो, बांधावरच्या झाडाच्या भांडणापायी रुसला."

"रुसायला तू काय माझी बायको हायेस?"

काकांनीही फिक्काच मागितला. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड असं वाकडं झालं की बाबा खो-खो हसले.

सुट्टी संपली. सोमवारी कामावरून जालन्यातल्या माझ्या मस्तगडच्या खोलीवर आले आणि फोनची वाट पाहत बसले. ओट्यावर एकटे असायचे तेव्हा बाबा रोज याच वेळी फोन करून, काय खाल्लं, विचारायचे. अंधार पडला. शेवटी मीच आईला लावला.

"न्हाईत घरी. तुझ्या काकाकडं गेलेत," आई म्हणाली. "काही काम व्हतं का?"

"नाही, सहजच."

मला बरं वाटलं, खरंच वाटलं. मग उभ्यानेच अर्धा पुडा बिस्किटं गोड चहात बुडवून खाल्ली आणि जेवण झालं असं समजून दिवा बंद केला.