काचेवरचा मासा

आमच्या गल्लीत बू दईजला सगळे ओळखत, पण त्याच्या मनगटाकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही, आणि मी तर जुन्या घड्याळांपायी बायकोची बोलणी खाणारा माणूस. एकदा मासळीबाजारात तो हामूरचे कल्ले उघडून बघत होता, तेवढ्यात बाही वर सरकली आणि मी जागच्या जागी थिजलो. पाणबुड्याचं घड्याळ! काळी तबकडी उन्हानं तपकिरी झालेली, पिकल्या खजुरासारखी. काटे मूळचे, भोवतीचं फिरतं कडंही मूळचं. आम्हा शौकिनांनी हे घड्याळ फक्त फोटोत पाहिलं होतं.

"काका, हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"मिळालं म्हणजे? माझंच आहे. अहमदीच्या बंदरात पाण्याखाली नळ बसवायचो, तेव्हा साहेबानं दिलं. बद्दाह बेटा, तू मासा घ्यायला आलायस की माझा हात?"

त्याच्या बापानं श्वास कोंडून मोती काढले होते. यानं पाठीला हवेची टाकी बांधून तेलाच्या नळांचे बोल्ट आवळले. मोत्यांना निदान गाणी तरी लाभली, बोल्टांना कोण गाणार, असं तो स्वतःच म्हणायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बू दईज म्हणजे दईजचा बाप. त्या दईजला इराकी फौजा घुसल्या त्या साली त्यांनी नाक्यावरून उचललं, तो परत आलाच नाही. प्रेत नाही, कबर नाही. घरही त्याच दिवसांत जळालं. तरी लोक बापाला उठताबसता मुलाच्याच नावानं हाक मारणार. आमच्यात दुसरी रीत नाही.

मी त्याला बू शमलानच्या दिवानियात घेऊन जायला लागलो. बू शमलान दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. त्याच्या बैठकीत दर मंगळवारी आम्ही पाचसहा घड्याळवेडे जमतो, उकडलेले चणे खातो आणि एकमेकांची घड्याळं नकली ठरवतो. बू दईजला त्यातलं काही कळत नसे. चहा मात्र तो मनापासून प्यायचा, आणि घड्याळ मनगटावरून काढून द्यायला का कू करायचा. "इथूनच बघा की," म्हणायचा. मग आम्ही त्याचा हात दिव्याखाली धरून भिंगातून पाहायचो आणि माशाल्लाह म्हणायचो.

"अरे, मी जिवंत आहे," तो म्हणायचा. "मढ्यासारखा हात काय उलटापालटा करताय?"

एका मंगळवारी कसा कोण जाणे, तो खुशीत होता. घड्याळ काढून त्यानं स्वतःच मखमलीवर ठेवलं. एवढ्यात मगरिबची अजान झाली. तो उठला, आम्हीही उठलो. बू शमलानचे गुडघे गेलेले, तो घरातच खुर्चीवर नमाज पढतो. "जा तुम्ही, मी राखण करतो," तो म्हणाला.

आता आमच्या घड्याळवेड्यांच्या पंथाचा नियम सांगतो. घड्याळाचं पोलाद घासून चकचकीत करणारा माणूस आमच्यात खुनी. त्याचा चहा बंद. पण जुन्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते; तिच्यावरचे ओरखडे मलम लावून फडक्यानं घासले की जातात. ते घासणं पाप नाही, उलट सेवा. पाहुण्याच्या बुटावरची धूळ झटकावी तशी. आणि बू शमलानचा तर सारा जन्म दात घासण्यात गेलेला.

आम्ही मशिदीतून परतलो तेव्हा काच झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ झाली होती. तपकिरी तबकडी अशी उजळली होती की सगळ्यांच्या तोंडून एकदम "अल्लाह!" निघालं.

"केवढे ओरखडे होते रे," बू शमलान म्हणाला. त्याचं कपाळ घामेजलं होतं. "बू दईज, इतकी वर्षं धुक्यातून वेळ बघत होतास तू!"

बू दईजनं घड्याळ उचललं. दिव्याकडे धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग म्हणाला, "तुझे हात सलामत राहोत, डॉक्टर." आणि चहा अर्धा टाकून उठला, घरी काम आहे म्हणाला.

त्याला घरी काय काम असणार? मी त्याला गाडीतून सोडायला निघालो. वळणावर तो म्हणाला, "जरा थांबव."

त्यानं गाडीतला दिवा लावला.

"दईज पाच वर्षांचा होता," तो म्हणाला. "मी झोपलेलो, घड्याळ उशाशी. पठ्ठ्यानं खिळा घेतला आणि काचेवर मासा काढला. अब्बा पाण्याखाली जातात ना, मग त्यांना एकटं वाटू नये, म्हणे. मी त्याच्या थोबाडीत मारली. लग्नापेक्षा जास्त जपलेलं घड्याळ होतं ते." त्यानं घड्याळ पुन्हा दिव्याखाली तिरकं केलं. "घर जळालं. फोटो, कपडे, शाळेच्या वह्या, सगळं. त्याच्या हातचं एवढंच राहिलं होतं."

"काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यानं प्रेमानं केलं. ऐकलं तर छाती फुटून मरेल तो. त्याला सांगायचं नाही. तुला माझ्या दईजची शपथ आहे."

मी मान हलवली. रडू आवरत नव्हतं, आणि जो रडायला हवा होता तो शांत बसला होता.

"तू तर दर खेपेला भिंग लावायचास. मासा बघितला होतास ना?"

"बघितला होता," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोच त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"मग सांग, तोंड कुठं होतं त्याचं? किल्लीच्या बाजूला की पलीकडं? मला आत्ता आठवतच नाहीये रे."

मी तबकडी पाहिली होती, काटे पाहिले होते, कडं पाहिलं होतं. काचेतून आरपार पाहिलं होतं. काच कोण पाहतं?

तो गुळगुळीत काचेवर नख फिरवत राहिला. आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं.

"आता ते फक्त दईजला ठाऊक," तो म्हणाला.