पाण्याच्या दिवशीचा बझर

पन्नाशीला टेकल्यावर मला प्रोग्रॅमिंग शिकावं लागलं. लातूरच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवते, तिथं हा नवा विषय आला आणि मुख्याध्यापकांनी तो माझ्या गळ्यात मारला. नुसता एक दिवा उघडझाप करायला मला दोन आठवडे लागले. एक अर्धविराम राहिला की कॉम्प्युटर रुसून बसायचा. जीव नुसता विटून जायचा. तरी सोडलं नाही, ते आईसाठी.

आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही किती वाजता येईल याचा नेम नाही. आलं की लगेच मोटर लावायची, तासाभरात पाणी बंद. म्हणून पाण्याच्या दिवशी आई दुखरे गुडघे घेऊन सकाळपासून नळाच्या खड्ड्याशी बसते. त्या दिवशी तिला जरा आडवं होता यावं, एवढंच मला हवं होतं.

नळाखाली बादली, बादलीत दोन वायरी आणि आईच्या उशाशी बझरचं खोकं. वायरी भिजल्या की एक आकडा येतो. तो पाचशेच्या वर गेला की बझर वाजव, असं मी लिहिलं. दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वाजलं. "आता खुशाल झोप," असं आईला सांगून मी शाळेत गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर बादली काठोकाठ, नळ कोरडा, टाकी रिकामी. आई उंबऱ्यात तोंड एवढंसं करून बसलेली.

"वाजलं असंल गं," ती म्हणाली. "मलाच ऐकू आलं न्हाई. कान गेले माझे."

वायरी अजून बादलीतच होत्या आणि बझर गप्प. लॅपटॉप जोडला, तर आकडा तीनशे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तपासलं होतं बोअरच्या खाऱ्या पाण्यात. खाऱ्यातून वीज जास्त जाते, नळाच्या गोड्यातून कमी. पण आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी असल्या उद्योगाला कोण घेतंय? स्वतःचाच असा संताप आला, वाटलं, ते खोकं भिरकावून द्यावं.

"आई, ते वाजलंच नव्हतं. चूक माझी हाय."

"खरं सांगायलीस? माझे कान चांगले हायेत?"

"चांगले हायेत."

पिण्याच्या एका बादलीवर आठ दिवस काढायचे होते, आणि ही बाई हसत होती.

"मग नीट कर ते," ती म्हणाली. "पुढच्या पाण्याला मी परत झोपते."