पहिल्या नंबराचे पेढे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. बरं, राहू दे. तुम्ही हसणारच. आमचा मंदार तर अजून हसतो, आणि खरं म्हणजे अर्धी चूक त्याचीच आहे. पण पेढे मी वळले, कार्ड मी लिहिलं, आणि बॉसच्या दारात डबा ठेवून गेटपर्यंत पळत आले तीही मीच. तेव्हा आता नवऱ्यावर ढकलून काय उपयोग?

गोष्ट एकवीस सालच्या मार्चमधली. आम्ही आयर्लंडमध्ये नावनला राहतो, डब्लिनपासून तासाभरावर. आदल्या ऑक्टोबरात मला इथे नवी नोकरी लागली होती, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा बेताने सांगायच्या. पुण्यात चौदा वर्षं मी हेच केलं. त्यामुळे कामाची भीती नव्हती.

भीती माणसांची होती. लॉकडाऊनमध्ये लागलेली नोकरी! ऑफिस मी कधी पाहिलेलं नाही, माणसं पाहिली ती स्क्रीनवर, फक्त खांद्यापर्यंत. सहा महिन्यांचं प्रोबेशन, आणि एप्रिलच्या मध्यावर बॉस ठरवणार, शिल्पाला ठेवायचं की नारळ द्यायचा. नारळ मिळाला असता तर माझं कामाचं परमिट गेलं असतं आणि आम्ही बॅगा भरायला लागलो असतो. रात्री झोप लागायची नाही हो मला.

रोज चारला मीटिंग. ती सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळे गप्पा मारायचे आणि मी हसरा चेहरा करून गप्प बसायची. पाऊस बोलून झाला, कुत्री बोलून झाली, की विषय एकच. अमेरिकन फुटबॉल!

आमचा बॉस डेक्लन मूळचा नावनचाच, पण आठ वर्षं अमेरिकेत राहिला आणि येताना तिथल्या एका टीमचा नाद घेऊन आला. तोच नाद त्याने डेव्हलपर शिनेडला लावला. आणि अमेरिकेच्या ऑफिसातून जोडला जाणारा टॉम तर त्या टीमच्या गावातच जन्मलेला. तिघांचं रोज एकच भांडण: कॉलेजातला कुठला मुलगा आपल्या टीमने उचलायचा.

"पहिला नंबर आपला आहे," टॉम म्हणायचा. "बॉल फेकणारा तो उंच पोरगा घ्यायचा. डोळे मिटून."

"आणि त्याला मारापासून वाचवणार कोण? माझी मावशी?" डेक्लन. "आधी एक दांडगा घ्या, त्याच्यापुढे उभा राहायला."

"दांडगे दुसऱ्या फेरीतही मिळतात," शिनेड म्हणायची. "पण युअर मॅन, तो शेतकऱ्याचा मुलगा, त्याचा पंजा बघितलास? दहा इंच!"

पंजा? मी म्हटलं, पंजा कशाला मोजताहेत? हातमोजे शिवायचेत का? आणि फुटबॉल जर पायाने खेळायचा, तर ही सगळी चौकशी हाताची कशी काय? शिवाय कॉलेजातली पोरं अशी परस्पर वाटून घेतात म्हणजे काय, त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारतं की नाही? दहा मिनिटांत माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

शेवटी मंदारला विचारलं. मंदारचं एक आहे. त्याला एखादी गोष्ट माहीत नसली ना, की तो जास्त ठामपणे सांगतो.

"सोप्पंय गं. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसारखं. मेरिट लिस्ट लागायची ना आपली? पहिला नंबर ज्याचा, तो आधी निवडणार. इथे पोरांऐवजी टीम रांगेत उभ्या. पहिली आलेली टीम पहिला पोरगा उचलणार, उरलेसुरले खालच्यांना."

"म्हणजे यांची टीम पहिली आली?"

"मग? पहिली निवड काय शेवटून पहिल्याला देतील?"

पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं! दहावीच्या निकालापासून आपल्या घरात दुसरं काय ऐकलंय? कितवा नंबर, किती टक्के, कुठल्या राउंडला लागलं. अमेरिका झाली म्हणून काय झालं, रांग ती रांग.

एक गोष्ट मात्र खटकत होती. "अरे, पण पहिले आलेत तर इतक्या सुतकी चेहऱ्याने का बोलतात? काल डेक्लन म्हणाला, हा सीझन आठवायलासुद्धा नको वाटतं."

"विनय," मंदार म्हणाला. "आयरिश माणूस कधी स्वतःचं कौतुक करतो का? शेजारच्या पॅट्रिकची मुलगी डॉक्टर झाली तेव्हा तू अभिनंदन करायला गेलीस, तर काय म्हणाला तो?"

"म्हणाला, आह, तिला दुसरं काही जमलं नसतं."

"बघ!"

झालं. आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. बिचारा डेक्लन! टीम पहिली आली आणि कोणी साधं अभिनंदन करेना त्याचं. आणि मला तर संधीच हवी होती. पाच महिने मुखदुर्बळ बसलेली बाई एका फटक्यात टीममधली होणार होती. मी ठरवलं, पेढे!

शनिवारी सकाळी बसले. दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क, वेलदोडे, आणि वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तिथे सासूबाईंनी दिलेलं केशर दडवून ठेवलं होतं तेही काढलं. एकवीस पेढे वळले. प्रत्येकावर पिस्ता. आणि सोबत कार्ड. त्या कार्डावर मी मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात काय लिहिलं ते ऐका, शब्दन् शब्द पाठ आहे माझा:

"प्रिय डेक्लन, तुमच्या टीमच्या पहिल्या नंबराबद्दल हार्दिक अभिनंदन! हे सगळं तुमच्या कोचच्या मेहनतीचं फळ आहे. देव करो आणि हेच स्थान तुम्हाला दरवर्षी मिळो. आमच्या घरी आम्ही रोज प्रार्थना करू."

तेव्हा पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. डेक्लनचं घर तीन किलोमीटरवर. मी नवी कुर्ती घातली, बेल वाजवली, डबा पायरीवर ठेवला आणि दोन मीटरच्या नियमाला घाबरून थेट गेटपर्यंत पळाले. डेक्लन मोजे घालून बाहेर आला. पहिल्यांदाच मी त्याला खांद्याखाली पाहिलं.

"काँग्रॅच्युलेशन्स!" मी गेटवरून ओरडले.

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

काय तो विनय! मला तर भरून आलं. मी नुसता हात हलवला आणि घरी आले.

मग वाट बघायला लागले. आयरिश माणूस आभार मानायला कधी चुकत नाही हो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हणणारी ही माणसं! पण संध्याकाळ झाली, मेसेज नाही. रविवार गेला, मेसेज नाही.

"पेढे कच्चे राहिले का गं?" मंदार म्हणाला.

"पिस्त्याची ॲलर्जी असेल?"

"कोविडमध्ये घरचं खाणं दिलंस, नियमात बसतं का ते?"

आता हे आधी सुचायला नको? याच मंदारने शनिवारी छातीठोकपणे सांगितलं होतं, 'दे, दे, काही होत नाही!'

सोमवारी चार वाजता कॅमेरा लावला. शिनेडने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. टॉमने मान खाली घातली. डेक्लन खाकरला आणि म्हणाला, "शिल्पा, मीटिंग संपल्यावर तू जरा थांब."

संपलं! मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, एक अक्षर आठवत नाही. शेवटी सगळे गेले आणि पडद्यावर आम्ही दोघंच उरलो.

"ते कार्ड," डेक्लन म्हणाला, "तू स्वतः लिहिलंस?"

"हो. काही चुकलं का?"

"मी ते आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. अमेरिकेतला एक म्हातारा विचारतोय, ही इतकी निर्दय बाई कोण आहे म्हणून."

निर्दय? पेढे देणारी बाई निर्दय?

"शिल्पा, आम्ही शेवटी आलो," डेक्लन म्हणाला. "सगळ्यात शेवटी. म्हणून तर पहिली निवड आमची. जो तळाला, त्याला पहिला पोरगा, म्हणजे पुढच्या वर्षी जरा बरं खेळेल. कोचला तर जानेवारीतच हाकललंय. आणि तू लिहितेस, हे त्याच्या मेहनतीचं फळ! दरवर्षी हेच स्थान मिळो! रोज प्रार्थना करू!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवटच्याला पहिला मान? हा कुठला न्याय? आमच्या वेळी असा नियम असता तर वर्गातला शेवटच्या बाकावरचा सुऱ्या सीओईपीत नसता का गेला?

आणि तेवढ्यात डेक्लन हसायला लागला. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले.

"या टीमच्या नादाला लागून बारा वर्षं झाली, माझी कोणी अशी टर उडवली नव्हती! आणि वर गोड खायला घातलंस! तो प्रार्थनेचा शेवट तर! फेअर प्ले टू यू. यू आर सम वुमन!"

फेअर प्ले म्हणजे इथली शाबासकी. आता इथलं एक सांगते. या देशात ज्याला आपलं मानतात, त्याचीच टर उडवतात. गोड बोलायला लागले की समजावं, अजून परके आहोत. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मी खरं सांगणारच होते, शपथेवर. तोंड उघडलं होतं. "डेक्लन, मी खरं तर..."

"खरं सांगू?" तोच म्हणाला. "तुझ्या रिव्ह्यूमध्ये मी लिहिणार होतो की काम उत्तम, पण ही बाई टीममध्ये मिसळत नाही. किती चुकलो असतो मी!"

मी तोंड मिटलं. तुम्ही काय केलं असतं? खरं बोलून पुण्याचं तिकीट काढलं असतं? मी फक्त एक भुवई उंचावली, आणि तो परत पाच मिनिटं हसला.

एप्रिलमध्ये पर्मनंट झाले. पत्रात लिहिलं होतं: काम उत्तम, विनोदबुद्धी विलक्षण. मंदारने ते फ्रिजवर लावलं आणि म्हणाला, "बघ, माझ्यामुळे." मी त्याला चहा दिला नाही त्या दिवशी.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण विनोदी म्हणून एकदा नाव झालं ना, की सुटका नाही. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी शिनेड हसायला तयार. मी "टेस्टिंग पूर्ण झालेलं नाही" म्हटलं की टॉम म्हणणार, "चेहऱ्यावरची रेषही हलत नाही हिची!"

जूनमध्ये आमच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन बाहेर जायचं होतं. गुरुवारी मला एक चूक सापडली. मीटिंगमध्ये मी घाबरीघुबरी होऊन सांगितलं, "थांबा! यात सेव्हचं बटण दाबलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं!"

शिनेड खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "सेव्ह दाबलं की पुसलं जातं! शी इज गॅस!" गॅस म्हणजे इथे धमाल विनोदी. मी रीतसर लेखी नोंद केली, तर त्याखाली तिघांनी हसरे चेहरे टाकले. टॉमने तर लिहिलं, 'रोज प्रार्थना करू.'

शुक्रवारी व्हर्जन बाहेर गेलं. दुपारपर्यंत ग्राहकांचे फोनवर फोन. चारच्या मीटिंगला डेक्लनचा चेहरा पांढराफटक.

"शिल्पा," तो म्हणाला, "सेव्ह दाबलं की लोकांचं लिहिलेलं पुसलं जातंय. तुला हे आधी दिसलं नाही?"

"दिसलं होतं!" मी किंचाळले. "काल सांगितलं होतं! ह्याच शब्दांत!"

मग शिनेडने तोंडावर हात ठेवला, टॉमने मान खाली घातली, आणि काय सांगू तुम्हाला, सगळे परत हसायला लागले.