आयसिंग घट्ट होईपर्यंत

दिल्लीच्या मे महिन्यात घरच्या केकवर लोण्याचं आयसिंग चढवायला निघालेला माणूस साऱ्या उत्तर भारतात एकच झाला असेल, आणि तो मयूर विहारात आमच्या डोक्यावर राहत होता. मी हिशेबी माणूस आहे, उगाच वाढवून सांगत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नोकरीतून निवृत्त झाले आणि लिंबाच्या केकच्या मागे लागले. लिंबाची साल ते इतक्या हलक्या हाताने किसत, की लिंबालाही कळू नये. "पिवळं तेवढंच घ्यायचं. पांढऱ्याला लागलात की कडू," हे ते मला दर वेळी नव्याने सांगत. हिवाळ्यात करा की, असं कोणी सुचवलं तर त्यांना अपमान वाटे. "हिवाळ्यात काय, कोणीही करेल!"

अडचण विजेची होती. आमच्या जिन्यातली घरं तीन फेजवर वाटलेली, आणि तिन्ही फेज एकदम चालू असल्याचं मला तरी आठवत नाही. केक भाजून व्हायचा, आयसिंग फासून व्हायचं आणि नेमका काकांचा फ्रिज बंद पडायचा. मग काका बनियनवर, दोन्ही हातांत ताट धरून, जिन्यात उभे राहून ओरडत, "किसके यहाँ लाइट है?" होकार येई त्या घराकडे केक निघे, मागून काकू वर्तमानपत्राने वारा घालत. तिथली लाइट गेली की पुढचं घर. एकदा तो असा चार स्वयंपाकघरं फिरला, तेव्हा तळमजल्यावरच्या सरदारनी म्हणाल्या, "भाईसाब, केक है या बारात?" काकूंनी वारा न थांबवता उत्तर दिलं, "बारात ही है जी. दूल्हा पिघल रहा है."

काकांचा नियम असा, की ज्याच्या फ्रिजमध्ये आयसिंग घट्ट होईल त्याच्याच घरी केक कापायचा, आणि तोवर कोणी उठायचं नाही. त्यामुळे संध्याकाळी सगळा जिना कोणाकडे जमणार, हे वीज ठरवत असे. आमच्याकडे पाळी आली की माणसं पलंगावर, दारात, पार बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली असत.

पुढे त्यांच्या मुलाने गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि दोघांना घेऊन गेला. आम्ही नवराबायको एकदा जाऊन आलो. जनरेटर असा, की लाइट गेल्याचं पंख्यालाही कळत नाही. फ्रिज माणसाएवढा. आयसिंग पहिल्या झटक्यात घट्ट झालेलं, कडा कशा सरळ! मुलगा-सून ऑफिसात. केक कापला तेव्हा आम्ही चौघंच होतो.

"शेजारी कोण आहेत?" मी विचारलं.

"चांगले असावेत," काका म्हणाले, आणि उरलेला केक त्यांनी परत फ्रिजमध्ये ठेवला.

गेल्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "अहो, केक केलाय आणि आमच्याकडे लाइटच गेलीय. तुमचा फ्रिज चालू आहे ना?"

मागून काकूंचा आवाज ऐकू आला, "तो एसी कमी करा हो, गारठले मी!"

आमच्याकडे सकाळपासून लाइट नव्हती.

"बिल्कुल चालू आहे," मी म्हटलं. "या."

"अहो, मग आयसिंग घट्ट कधी होणार?" बायकोने विचारलं.

"होईल तेव्हा होईल. तोवर उठायचं नाही, त्यांचाच नियम आहे," मी म्हटलं. बंद फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला आणि जिन्यात सगळ्यांना हाका मारायला गेलो.