सिग्नलवर किल्ली फिरवणारे मामा

जमिनीच्या पोटातून निघालेल्या तेलाच्या थेंबाथेंबाचा जाब उद्या आपल्यालाच विचारला जाणार आहे, अशा घाईत जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघाला. आमच्या हिचे हे सख्खे मामा. मूळचे नांदेडकडचे, घर आमच्याच शहरात, कुकटपल्लीत, आणि उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या तेलविहिरींवर. तिथून ते कायमचे परत आले त्यालाही आता बराच काळ झाला, पण तेल काही डोक्यातून उतरलं नाही. इतर माणसं निवृत्त झाली की देवाधर्माला लागतात किंवा सोसायटीच्या चेअरमनशी भांडण काढतात. मामा पेट्रोलच्या हात धुऊन मागे लागले.

माझी गाडी सोडली तर मामांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, पेपर येरझारा घालत, आणि बसमध्ये जागा रिकामी असली तरी दाराजवळ दांडा धरून. विहिरीवरच्या पाळीत बसलं की डोळा लागतो आणि डोळा लागला की घात होतो, ही तिथली शिकवण त्यांच्या पायांत अजून आहे. आमच्याकडे नारायणगुड्याला आले की चपला काढायच्या आधी ते थेट स्वयंपाकघरात शिरतात. शेगडीपाशी उभे राहून दोनतीनदा नाक ओढतात, सिलिंडरचं बटण फिरवून पाहतात आणि मग म्हणतात, "हं. आता बोला, कसं काय?" हिला याची सवय आहे. माझ्या आईला मात्र पहिल्या भेटीत वाटलं होतं की हे पाहुणे आज काय शिजलंय त्याचा वास घ्यायलेत, आणि तिनं बिचारीनं घाईघाईनं ताट वाढलं होतं.

पण मामांची खरी कीर्ती सिग्नलवरची. तांबडा दिवा लागला आणि शेजारची गाडी घुरघुरत उभी राहिली की मामांचा जीव खालीवर होतो. माझ्या गाडीत ते बाजूला बसले की मी ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा हात किल्लीवर असतो. ते घरचं झालं. एकदा नारायणगुड्याच्या चौकात आम्ही दोघं रस्ता ओलांडायला थांबलो होतो, तर मामांनी शेजारच्या अनोळखी पोराच्या स्कूटरची किल्ली वाकून सरळ बंद केली. तो पोरगा बघतच राहिला.

"क्या चच्चा, गाडी कायकू बंद करे?"

"लाल बत्ती है बेटा. खडे खडे तेल कायकू जलारा?"

"मेरा तेल है चच्चा. मेरे पैसे का."

"तेरा नक्को बोल," मामा म्हणाले. "मेरे जैसे लोगां जमीन के पेट में से निकालते, तब तेरी टाकी में आता."

तेवढ्यात हिरवा दिवा लागला, पोराची स्कूटर काही केल्या सुरू होईना आणि मागून भोंग्यांचा कल्लोळ उठला. मी मामांचा दंड धरून त्यांना पलीकडे नेलं. ते वळून वळून त्या पोराला सांगत होते की स्कूटरचा प्लग साफ करून घे, तेल वाचेल.

सकाळी उठून लोक पंचांग पाहतात किंवा राशिभविष्य. मामा कच्च्या तेलाचा भाव पाहतात आणि त्यावरून अख्ख्या दिवसाचं भाकीत करतात. टमाटे चढणार, ऑटोवाला मीटर टाकणार नाही, अमुक देशाचा मंत्री तमुक देशात जाऊन मिठी मारणार. निवडणुकीबद्दलचा त्यांचा सिद्धांत मला तोंडपाठ आहे. "मतदान होईस्तोवर तेल सोवळ्यात बसतंय बगा जावईबापू. बोटाची शाई वाळली की बाहेर येतंय." भाकितं निम्मी चुकतात, पण मामांना त्याचं काही वाटत नाही. भाव उतरला की मात्र त्यांचा चेहरा खुलतो. त्या दिवशी ते उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्याकडे येतात, स्वतः उभ्यानं दोन खातात आणि म्हणतात, "चला, आज जगाच्या उरावरचं ओझं जरा उतरलं." आमच्या घरी बिस्किटं आली की मुलांना कळतं, आज तेल पडलं.

अफझलगंजात त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे शिक्षा. मामी एकदा साधी प्लास्टिकची बादली आणायला आम्हा दोघांना घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, भाव वाढले. झालं. मामांनी बादली उलटी धरून त्याला समजावलं की ही बादली म्हणजे गोठवलेलं तेलच आहे, तिकडे दोन राजे भांडले की इकडे बादली महागते, आणि फुटली की मुशी नदीत जाऊन पडते ती नातवंडांच्या नातवंडांपर्यंत तशीच राहते. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "चच्चा, बकेट होना क्या लेक्चर देना?" शेवटी मामांनी लोखंडी बादली घेतली. मामी परत येताना मला म्हणाल्या, "ह्यांचं तत्त्व आन् वजन मला."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं असंच आम्ही धरून चाललो होतो. फक्त एक गोष्ट सांगताना मामांचा आवाज बदलायचा. विहिरीतून तेलाबरोबर येणारा वायू तिथे उंच नळाच्या तोंडाशी जाळून टाकत. दिवसरात्र ती ज्वाळा पेटलेली. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काळा निघायचा, आणि खोकला सगळ्यांनाच. "कामाची नसलेली चीज म्हणून जाळायचे," मामा म्हणायचे. "इकडं आपली बाई काडी काडी जपून चूल पेटवायली, अन् तिकडं आभाळ जळायलंय."

हे सगळं त्यांच्या सुहासनं लहानपणापासून ऐकलं होतं. सुहास मामांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर झाला आणि कुकटपल्लीतल्याच एका छोट्या कारखान्यात लागला. मामा जेवताना आपली तेलपुराणं लावायचे तेव्हा तो मोबाइलमधून डोकं वर न काढता "हौ पप्पा, हौ पप्पा" करत राहायचा. आम्हाला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामींनी धपाटे केले होते, मामा हातात ताट घेऊन खिडकीशी उभे होते. सुहास म्हणाला, "पप्पा, एक सांगायचंय. माझं सिलेक्शन झालं. तिकडं. ऑइल फील्डवर."

मामींचं धपाटं तव्यावरच राहिलं. सुहास एकट्यानंच बोलत सुटला. मुलाखतीत त्याला विचारलं होतं की भाव पडला तर कुणाकुणावर परिणाम होतो, त्यानं टमाट्यापासून सुरुवात केली. वायू का जाळतात आणि त्यानं काय नुकसान होतं विचारलं, तर त्यानं वाळत घातलेल्या काळ्या सदऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. निवडणुकीचा सिद्धांतही सांगितला. "पप्पा, ते लोकं हैराण. म्हणले, हे सगळं कुठं शिकलास? मी म्हणलो, जेवताना."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी ताट खिडकीत ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन पाठ टेकून बसले. मामांना घरात बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "मी जन्मभर शिव्या घातल्या, अन् ह्या लेकरानं त्या पाठ केल्या."

दुसऱ्याच दिवशी मामा बसनं उभ्याउभ्यानं आमच्याकडे आले. स्वयंपाकघरात गेले नाहीत, वास घेतला नाही. मला बाहेरच्या खोलीत गाठून म्हणाले, "जावईबापू, तो तुमचं ऐकतो. त्याला म्हणावं, जाऊ नको."

मी व्यवहाराचं बोललो. इकडच्या कारखान्याचा भरवसा नाही, पोराला हौस आहे, तुम्ही गेलात म्हणूनच हे घर उभं राहिलं. मामा माझ्यासमोर येरझारा घालत होते.

"घर राहिलं उभं," ते म्हणाले. "मी पहिल्या सुट्टीवर आलो तवा हा आईच्या मागं लपला. तिला विचारतो, आई, कोण आले? म्या त्याला सायकलीवर बसायला शिकवलं नाही, पोहायला शिकवलं नाही. आल्यावर बोलायला माझ्याकडं दुसरं काय होतं हो? तेलच होतं. तेच बोलत बसलो."

सुहासशी मी बोललो, पण माझ्या बोलण्यात जोर नव्हता हे त्यालाही कळलं. "पर्वालेदु भाऊजी," तो तेलुगूत समजूत घालत म्हणाला, "काही होत नाही. दोन वर्षं करतो, परत येतो." मामाही तेच म्हणून गेले होते, असं मामींनी नंतर सांगितलं.

त्याला सोडायला आम्ही विमानतळावर गेलो. टॅक्सीवाला इंजिन चालू ठेवून बॅगा उतरवत होता. मामांनी सवयीनं आत हात घालून किल्ली फिरवली आणि टॅक्सीवाला तेलुगूत काहीतरी पुटपुटला. सुहास पाया पडला. मला वाटलं, आता तरी मामा जवळ घेतील. ते त्याचा शर्टाचा खिसा उगाच सारखा करत म्हणाले, "वास आला की आधी पळायचं. कशाचा आला ते मागून विचारायचं." सुहास म्हणाला, "हौ पप्पा." मामांनी त्या वेळी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत तेलाचा भाव घसरत गेला. पेपरात रोज बातमी, आणि आमच्याकडे बिस्किटांचा पत्ता नाही. मुलांनी विचारलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं. मामा भेटले तेव्हा मी चेष्टेनं म्हणालो, "मामा, जगाचं ओझं एवढं उतरलंय, आमचा पुडा कुठाय?"

"भाव पडला की तिकडं पहिल्यांदा नव्या लेकरांना काढतात," मामा म्हणाले. मग खाली बघून त्यांनी पुढचं सांगितलं. "अन् चढावा म्हणावं, तर तो लढाई झाल्याबिगर चढत नाही. देवाला काय मागावं तेच कळंना झालंय."

मला फार वाईट वाटलं. ज्या भावाला या माणसानं जन्मभर शाप दिले, त्याच भावाच्या दोरीवर आता त्यांचा जीव टांगलेला होता. ते अजूनही सकाळी उठून आधी भाव पाहतात. पण भाकीत सांगत नाहीत.

परवा त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, जुन्या खोकल्यासाठी. माझ्या गाडीत ते बाजूला बसले होते. नारायणगुड्याच्या चौकात तांबडा दिवा लागला. मी ब्रेक दाबला आणि सवयीनं वाट पाहिली. मामांचा हात किल्लीपर्यंत आला, तिच्यावर जरा वेळ टेकला आणि परत मांडीवर गेला.

"बंद करू का, मामा?" मी विचारलं.

"राहू द्या जावईबापू," ते बाहेर बघत म्हणाले. "जळू द्या थोडं, खपू द्या. लेकरू तिथं आहे."

गाडी उभ्या उभ्या घुरघुरत राहिली. मला तो आवाज ऐकवेना. मीच किल्ली फिरवून ती बंद केली, आणि हिरवा दिवा लागल्यावर मागचे लोक भोंगे वाजवू लागले तरी आम्ही दोघं क्षणभर तसेच बसून राहिलो.