वन्संची झाडाझडती

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहेत. अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, राहतात आमच्याबरोबरच. दुपारी तीनच्या सुमारास ड्युटीवरून आल्या की मागच्या दारात स्टुलावर बसतात, बादलीतल्या कोमट पाण्यात सुजलेले पाय सोडतात आणि दिवसाची झाडाझडती घेतात. दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःचीच. तीही मोठ्याने.

"सात नंबरच्या आजींवर उगाच खेकसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मला भूक लागली होती." आणि मग, "उद्या आधी त्यांच्याकडेच जायचं."

आणि जातात हो, खरंच जातात. मला ते आवडायचं आणि तितकाच रागही यायचा. आवडायचं, कारण आमच्या घरात स्वतःची चूक कबूल करणारं दुसरं कुणी नाही. माझा नवरा तर आरशाशीसुद्धा भांडेल. राग याचा, की ही झाडाझडती कायम वॉर्डाची. घराचा नंबर कधी लागायचाच नाही.

मग सासूबाई पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि पुढच्या खोलीत खाट आली. दिवसभर त्यांचं मी बघायचे, वन्सं आल्या की त्या. वॉर्डात पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पेशंटचं सगळं सांगते. ती सवय वन्संच्या अंगात इतकी मुरलेली, की पाय पुसून त्या आत यायच्या त्या थेट खाटेच्या पायथ्याशी.

"जेवण?"

"अर्धंच."

"गोळी?"

"एक वाजता दिली."

"लघवी?"

"दोनदा. सकाळपासून जरा चिडचिड करताहेत."

हे सगळं सासूबाईंच्या डोक्यावरून. त्या आळीपाळीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत पडलेल्या. आणि मीही काही साधीभोळी नव्हे. दिवसभराचं ओझं चार शब्दांत दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला मला बरं वाटायचं. दमलेल्या माणसाची सोय झाली की तो पुढचा विचार करत नाही.

सासूबाई मुळात बोलघेवड्या. पण वन्संसमोर त्या हळूहळू गप्प झाल्या. सहाव्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन माझ्या थोरल्या दिरांना फोन केला, "रविवारी गाडी घेऊन ये. मला तुझ्याकडे ने." दीर दुसऱ्या गावी, चार तासांवर. एकदा गेल्या की त्या काही परत यायच्या नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मी वन्संना मागच्या दारातच सांगितलं. बादलीतलं पाणी गार झालं तरी त्या उठेनात. बोटांवर एकेक मोजत होत्या. "औषध वेळेवर. चादर रोज. कूस बदलणं कधी चुकवलं नाही. एवढ्या दिवसांत पाठीवर एक लाल चट्टा नाही, अगं! आमच्या वॉर्डातसुद्धा इतकं जमत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं काय चुकलं?"

"तुमच्या ड्युटीत काहीच चुकलं नाही, वन्सं." मला खरंच फार थकवा आला होता, नाहीतर इतकं सरळ बोलले नसते. "पण आपण त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलतो. त्यांच्याशी नाही. मीसुद्धा."

वन्संनी पाय पुसले नाहीत. तशाच ओल्या पावलांनी आत गेल्या, मी मागोमाग. खाटेच्या पायथ्याशी जरा घुटमळल्या, मग उशाशी गेल्या आणि सवयीने आईचं मनगट धरलं.

"नाडी ठीक आहे," म्हणत सासूबाईंनी हात काढून घेतला.

"आई, तुला का जायचंय?"

"इथं माझं सगळं नीट होतं. माझी तक्रार नाही," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "पण तीन वाजता सिस्टर येते. मुलगी येतच नाही. थोरला निदान माझ्याशी भांडतो तरी."

मला वाटलं, आता वन्सं रडणार. त्या रडल्या नाहीत, तेवढंही त्राण नव्हतं. "मुलगी दमलेली असते गं, आई," त्या म्हणाल्या. "पार संपलेली असते. घरी येईपर्यंत कुणाला द्यायला माझ्याकडे काही उरत नाही. सिस्टरचं बरं असतं, तिचे हात आपोआप चालतात. मुलगी होऊन एकदा बसले, तर परत उठताच येणार नाही अशी भीती वाटते मला."

"मग नको उठूस," सासूबाई म्हणाल्या. "दमलेलीच ये."

पेशंटच्या खाटेवर बसणं हा वन्संच्या लेखी गुन्हा. वॉर्डात नातेवाइकांना त्या हात धरून उठवतात. त्या दिवशी स्वतःच बसल्या आणि बसल्या बसल्या कलंडल्या. सासूबाई दात आवळून, कण्हत, वीतभर पलीकडे सरकल्या. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मलाच हाताने थांबवलं. दोन मिनिटांत वन्सं घोरायला लागल्या.

सासूबाईंनी लेकीच्या केसांतल्या पिना एकेक करून काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"थोरल्याला फोन कर," त्या हळूच म्हणाल्या. "रविवारी नको येऊस म्हणावं. मला इथं काम आहे."